बाबांचं होमोसिस्टीन 38 आलं आहे. हार्ट अटॅक येईल का?

तुम्ही लिहिलंय की बाबा 54 वर्षांचे आहेत, माळकरी आहेत, घरची शेती आहे. पायाला मुंग्या येतात म्हणून तालुक्याला रक्त दिलं तर होमोसिस्टीन 38 निघालं. मेडिकलवाल्यानं "हे वाढलं की अटॅक ठरलेला" असं सांगून फॉलिक ॲसिडची पाकिटं दिली आणि त्या गोळ्या सुरूही झाल्या.

भाऊ, बाकी सगळं नंतर वाचा, आधी एक करा. बाबांचं बी-12 तपासून घ्या आणि तोवर नुसत्या फॉलिक ॲसिडवर राहू नका. बी-12 कमी असताना एकटं फॉलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, माणूस बरा दिसायला लागतो, पण नसांची झीज आत चालूच राहते. बाबांच्या पायाला आधीच मुंग्या आहेत. फार उशीर झाला तर त्या पूर्ण जात नाहीत.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, 15 वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा डोस मी सांगणार नाही. पण ही तपासणी कशी होते आणि कुठं बिघडते, ते रोज बघतो.

होमोसिस्टीन आपल्या सगळ्यांच्याच रक्तात असतं. जेवणातल्या प्रथिनांत मिथिओनिन नावाचा घटक असतो, त्यापासून ते शरीरातच तयार होतं आणि लगेच वापरलं जातं. ते परत मिथिओनिन करायला फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) आणि बी-12 लागतं, पुढच्या दुसऱ्या वाटेला लावायला बी-6. यातलं काही कमी पडलं की होमोसिस्टीन रक्तात साचतं. साधारण 15 मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंत ठीक धरतात. किडनी कमजोर असेल किंवा थायरॉइड कमी असेल तरी ते वाढतं. कपाशीवर लाल्या आला की आपण पानाला दोष देत नाही, जमिनीत काय कमी पडलं ते बघतो. इथंही तसंच आहे.

आता ट्यूबचं. रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. ट्यूब बर्फात ठेवून तासाभरात मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचा पातळ भाग, वेगळा केला नाही, तर साधारण माणसाच्या सॅम्पलमध्ये आकडा दर तासाला दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण एकानं, चढतो. आमच्याकडं सकाळी आठला काढलेलं रक्त मोटारसायकलवरून स्टँडवर, तिथून एसटीनं नागपूरला, असं दुपारी दोनला पोचायचं, तेही मे महिन्यात. सुरुवातीची काही वर्षं मीही बर्फाविना ट्यूब पाठवल्या आहेत, आणि त्यातल्या किती लोकांना 17-18 बघून उगाच घोर लागला असेल, याचं मला आजही वाईट वाटतं. पण बाबांचा 38 आकडा नुसत्या उशिरानं येत नाही. पाचसहा त्यातून वजा झाले तरी तो वाढलेलाच राहतो.

माझा अंदाज बी-12 चा आहे. आपल्याकडं तुरीचं वरण, हरभऱ्याची भाजी, आंबाडी असतेच, म्हणजे फोलेट बऱ्यापैकी मिळतं. बी-12 मात्र दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. मोड आलेल्या मटकीत असतं असं लोक सांगतात, नसतं. माळकऱ्याला दूध-दही एवढाच आधार, आणि गावात दूध डेअरीला जातं, घरी चहापुरतं उरतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या 441 पुरुषांचं रक्त तपासलं होतं. 2006 साली ते छापून आलं. 67 टक्क्यांचं बी-12 कमी होतं आणि 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन 15 च्या वर. फोलेट कमी असलेले त्यात फार थोडे होते.

बाबा रोज सकाळी गॅसची गोळी घेतात का, तेही बघा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर अन्नातलं बी-12 नीट शोषलं जात नाही. शुगरच्या मेटफॉर्मिननंही ते उतरतं. हे डॉक्टरांना सांगा, गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

अटॅकचं भय कुठून आलं? होमोसिस्टिन्युरिया नावाचा जन्मजात आजार आहे. त्यात आकडा 100 च्या वर जातो, डोळ्यातलं भिंग सरकतं, कमी वयात रक्ताच्या गुठळ्या होतात. बाबांचं हे तसलं नाही. अशा विकारानं दगावलेल्या मुलांच्या धमन्या अमेरिकेत किल्मर मॅककली यांनी पाहिल्या, त्या म्हाताऱ्या माणसासारख्या झालेल्या होत्या. 1969 मध्ये त्यांनी मांडलं की होमोसिस्टीनच धमन्या खराब करत असावं. पुढं बऱ्याच पाहण्यांत हृदयरोग, लकवा, विसराळूपणा, म्हातारपणी हाड मोडणं, या सगळ्यांशी वाढलेल्या आकड्याचं नातं दिसलं. पण 2006 मध्ये आलेल्या होप-2 आणि नॉरविट या मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वं देऊन आकडा खाली आणला, तरी अटॅक कमी झाले नाहीत. लकव्याचं चित्र थोडं वेगळं आहे. चीनमध्ये 20 हजारांवर बीपीच्या रुग्णांना बीपीच्या गोळीसोबत फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा लकव्याचं प्रमाण 3.4 वरून 2.7 टक्क्यांवर आलं (2015). म्हणून बाबांच्या हृदयाची काळजी असेल तर आधी बीपी, साखर, आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असतील तर तो बघा. होमोसिस्टीनवर रात्र जागू नका.

बाबांना हेही विचारा: चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही का? अंधारात तोल जातो का? जीभ लाल, गुळगुळीत झाली आहे का? यातलं काही असेल तर थांबू नका, याच आठवड्यात फिजिशियनकडं न्या. बी-12 सोबत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) करून घ्या. सीबीसी नॉर्मल आलं म्हणून बी-12 ठीक आहे असं धरू नका, लोहही कमी असेल तर पेशींचा आकार फसवतो. आणि बी-12 चं रक्त इंजेक्शनच्या आधी द्या, नंतर दिलं तर खरा आकडा कळत नाही.

उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी होमोसिस्टीन पुन्हा करा. त्या दिवशी ट्यूब बर्फात ठेवली का, आणि ती तिथंच फिरवणार आहेत का, हे काउंटरवर उभं राहून विचारा.