'भयंकर सरडा' की 'भीमसरट'?

प्रश्न असा आहे: मुलांच्या पुस्तकात डायनासोर म्हणजे 'भयंकर सरडा' असं दिलंय, ते बरोबर का? आणि 'भीमसरट' हा शब्द चालेल का?

'भयंकर' चूक नाही, पण कोणत्या अर्थाने घ्यायचं ते महत्त्वाचं. 'डायनोसॉरिया' हे या प्राण्यांच्या गटाचं नाव इंग्लंडचा शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन याने १८४२ मध्ये छापलं आणि त्यातल्या ग्रीक 'डेइनॉस'चा अर्थ तिथेच तळटीपेत दिला: भय वाटावं इतकं मोठं. त्याचा रोख क्रूरपणावर नव्हता, आकारावर होता. 'भयंकर गर्दी होती' असं सांगताना आपण तरी कुठे घाबरलेलो असतो? म्हणूनच 'भीम' मला अगदी चपखल वाटतो. तो 'भी' म्हणजे भिणे या धातूचा. मूळ अर्थ भयानक, पण 'भीमकाय' म्हणताच डोळ्यांपुढे येतो तो आकारच. ग्रीक शब्दात भीती आणि भव्यता जशी एकत्र नांदते, तशीच इथेही.

नावाचा उरलेला भाग ग्रीक 'सॉरॉस', म्हणजे सरडा; त्यासाठी 'सरट'. तो संस्कृत, आपला सरडा त्यातूनच आलेला. अडचण आहे ती इथे. ओवेनने तीन प्राण्यांवरून हा गट बांधला: बकलंड या शास्त्रज्ञाने नाव दिलेला मेगॅलोसॉरस (१८२४) आणि मॅन्टेल या शास्त्रज्ञाने नाव दिलेले इग्वानोडॉन (१८२५) व हायलिओसॉरस (१८३३). कंबरेचे पाच मणके एकमेकांत जुळलेले, पाय खांबांसारखे अंगाखाली सरळ. सरड्याचे पाय बाजूंना फाकलेले असतात. म्हणजे हे प्राणी सरड्यांहून निराळे आहेत हेच तो सांगत होता. मात्र त्या काळी 'सॉरॉस'वरून आलेला 'सॉरियन' हा शब्द वापरला की मगरीही त्यात येत, इतका तो शब्द सैल होता. नावात 'सॉरस' असलेला बेसिलोसॉरस तर चक्क देवमासा निघाला. १८३४ मध्ये हार्लन या शास्त्रज्ञाने त्याला सरपटणारा प्राणी समजून नाव दिलं, ते अजून तसंच आहे.

इग्वानोडॉनचंही सांगायलाच हवं. मॅन्टेलच्या मनात आधी 'इग्वानासॉरस' होतं. पण इग्वाना हा आजही असलेला एक मोठा सरडा; ते नाव खुद्द इग्वानालाच लागू पडेल, असं कॉनिबेअर या शास्त्रज्ञाने सुचवलं. मग इग्वानासारखे दात म्हणून 'इग्वानोडॉन' ठरलं. त्यातला दातवाचक ग्रीक शब्द आणि आपला 'दंत' एकाच मुळाचे आहेत.

रोजच्या बोलण्यात 'डायनासोर'च म्हणावं, अनेकवचनातही तेच: एक डायनासोर, चार डायनासोर. नावाचा अर्थ मुलांना सांगताना मात्र 'भयंकर सरडा'ऐवजी 'भीमसरट' जरूर वापरा.