चित्रकाराने ॲनिमेशनपटाकडे वळावं का?

तुम्ही विचारलंय की पस्तिशीनंतर चित्रकाराने ॲनिमेटेड लघुपट करायला घेतला तर फार उशीर झाला का. नाही झाला. मी बारा वर्षं कॅनव्हासवर काम करून मग इकडे आलो. हातात चित्रकला असणं ही मोठी शिदोरी आहे. मला जड गेलं ते काढलेलं चित्र पुसणं.

मी काचेवर तैलरंगात काम करतो. खालून उजेड, वर कॅमेरा. चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, तेच ओलं चित्र बोटाने किंचित सरकवायचं, परत फोटो. रंग लवकर सुकू नये म्हणून त्यात लवंगाच्या तेलाचा थेंब टाकतो. पहिल्या शॉटमध्ये एक बाई मान वळवून मागे बघते. चार सेकंद, सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ४८. विसाव्या चित्रात तिचा गाल असा काही उतरला की तो पुसायला हात धजेना. दोन तास बघत बसलो, मग पुसला. शॉट चालवून पाहिला तर नेमका तोच गाल खुपत होता! आजूबाजूच्या चित्रांत तेवढं बारीक काम नव्हतं, त्यामुळे मान वळता वळता चेहरा मध्येच दचकायचा. त्या दिवशी कळलं की आपल्याला चित्र नाही, दोन चित्रांमधलं अंतर काढायचंय.

रशियाचे अलेक्झांडर पेत्रोव काचेवर असंच बोटांनी रंगवतात. 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९९९) या त्यांच्या २० मिनिटांच्या ऑस्करविजेत्या लघुपटासाठी २९ हजारांहून अधिक चित्रं लागली, सुमारे अडीच वर्षं गेली. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज मात्र कोळशाने एकाच कागदावर काढतात, पुसतात, पुन्हा काढतात. पुसलेल्या रेघेची सावली मागे राहते आणि काळ सरकल्यासारखा वाटतो. शिवाय शेवटी त्यांच्या हाती प्रदर्शनात लावण्याजोगं चित्र उरतं. माझ्या काचेवर फक्त शेवटचं ओलं चित्र उरतं, त्यामुळे विकायला काहीच नसतं. लघुपटावर पोट भरत नाही. मी आजही सकाळी पुस्तकांसाठी चित्रं काढतो.

एकदम दहा मिनिटांचा घाट घालू नका. वीस सेकंदांची एकच हालचाल घ्या. ती आधी स्वतः करून स्टॉपवॉचवर मोजा, कच्च्या रेखाटनांना आवाज जोडून पाहा, आणि ते जमल्यावरच रंगाला हात लावा. कॅमेरा घट्ट बसवा, खिडक्या झाका. मध्येच उजेड बदलला तर दिवसभराचं काम वाया जातं.

तुम्ही तैलरंगात काम करता की जलरंगात? ते कळवलंत तर कुठली पद्धत जमेल हे नीट सांगता येईल.