एमआरआय बघून ‘भाऊ चालेल का’ हे सांगता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं मला कळलं ते असं. भावाच्या मानेला मार लागून ९ दिवस झाले, ऑपरेशन करून मणके स्क्रूने बसवलेत. अपघाताच्या रात्री काढलेल्या एमआरआयमध्ये ‘सी४ ते सी६ कॉर्ड इडिमा, हेमरेज नाही’ (मानेच्या चौथ्या ते सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला सूज, रक्तस्राव नाही) असं आलंय, केसपेपरवर ‘एशिया बी’ (मज्जारज्जूची इजा किती, त्याची श्रेणी) लिहिलंय आणि डॉक्टर ‘वेळ द्या’ याच्या पुढे बोलत नाहीत. परत एमआरआय काढला तर चालेल की नाही ते कळेल का, हा तुमचा प्रश्न.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं मणक्याच्याच पेशंटांबरोबर काम करतोय. नुसतं भविष्य बघायला आत्ता परत काढून फार काही हाती लागणार नाही. पण जो काढलाय त्यात एक बरी गोष्ट आहे आणि तुम्ही ती नजरेआड केलीय: ‘हेमरेज नाही’.

मज्जारज्जू साधारण करंगळीच्या जाडीचा. मधोमध फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग, त्यात रक्तवाहिन्या दाट. भोवतीने पांढरा भाग, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या आणि तिकडून परत येणाऱ्या तारा. मार बसला की बहुधा आधी मधला भाग जातो आणि नुकसान तिथून कडेकडे सरकतं. एमआरआयच्या टी२ चित्रात (चित्र काढण्याच्या अनेक पद्धतींपैकी ही एक) सूज पांढरी दिसते, ताजं रक्त काळं. (निरोगी पांढरा भाग त्याच चित्रात गडद दिसतो. नावं ठेवणाऱ्याला नावं ठेवावीशी वाटतात ती इथे.) रज्जूच्या आत रक्त साकळलं असेल तर तिथल्या तारा बहुधा तुटल्यात असं समजतात. सूज ओसरू शकते. म्हणून सुरुवातीच्या चित्रात पुढचं सांगणारी सगळ्यात ठळक खूण कुठली, तर तो काळा ठिपका. तुमच्या भावाच्या चित्रात तो नाही.

आता रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं नाही ते. ‘सी४ ते सी६’ ही नुसती लांबी झाली, उभ्या कापातली. आडव्या कापात सूज किती पसरलीय, कडेला निरोगी किनार उरलीय का, हे महत्त्वाचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये त्यासाठी ‘बेसिक’ नावाची सोपी मोजणी मांडली. काहीच दिसत नसेल तर ०, सूज करड्या भागापुरती असेल तर १, पांढऱ्यातही गेली पण थोडी किनार शिल्लक असेल तर २, अख्खं वर्तुळ व्यापलं तर ३, आणि त्यावर रक्ताचे ठिपकेही असतील तर ४. आकडा वाढेल तशी आशा कमी. रेडिओलॉजिस्टना एवढंच विचारा: आडव्या कापात किनार दिसते का? आणि चित्र अपघातानंतर किती तासांनी काढलं तेही बघून ठेवा. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढत जाते, त्यामुळे चार तासांचं चित्र आणि तिसऱ्या दिवसाचं चित्र एकाच मापाने मोजता येत नाही.

पण खरं सांगू? माझा भरवसा फिल्मपेक्षा सुईवर जास्त आहे. ‘एशिया बी’ म्हणजे माराच्या खाली हालचाल नाही, पण जाणीव पार गुदद्वारापर्यंत काही ना काही शिल्लक आहे. (ती तपासणी करताना नातेवाइकांना पडद्याबाहेर काढतात, म्हणून घरच्यांना ती झाल्याचं कळतही नाही.) या ‘बी’मध्येही दोन तऱ्हा आहेत. पेशंटचे डोळे मिटलेले, डॉक्टर सेफ्टी पिनचं कधी टोक, कधी बोथट बाजू पायाच्या अंगठ्याला लावतात आणि विचारतात, “टोचलं की नुसतं लागलं?” टोचलेलं नीट ओळखता येत असेल तर ती बाब मोठी. टोचल्याची जाणीव वर नेणाऱ्या तारा हालचालीच्या तारांच्या शेजारूनच जातात. एक शाबूत तर दुसरीही थोडी वाचली असण्याची शक्यता जास्त. नुसता कापसाचा स्पर्श कळतो अशा पेशंटपेक्षा पिन ओळखणाऱ्यात हालचाल परत येण्याचं प्रमाण चांगलं असतं. पहिल्या तीन दिवसांतली तपासणी मात्र फसवू शकते, कारण रज्जू धक्क्यात असतो.

२०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी वर्षभराने पेशंट स्वतःचा स्वतः चालेल का याचं एक सूत्र दिलं. पहिल्या १५ दिवसांतली तपासणी घ्यायची. त्यात वय ६५ च्या आत की पुढे, मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंची ताकद, आणि त्याच दोन पातळ्यांवरचा हलका स्पर्श. बस्स. एमआरआय त्यात नाहीच, तरी अंदाज बराच बरोबर येतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अंदाजासाठी एमआरआय काढा असं सुचवलंय खरं, पण शिफारस ‘कमकुवत’ आणि पुरावा ‘कमी दर्जाचा’ असं तिथेच लिहून.

परत काढायचाच असेल तर महिनाभराने विचारा. तोवर सूज उतरते, मधे पाण्याची पोकळी दिसू लागते आणि तिच्या पुढे-मागे रज्जूच्या पट्ट्या उरल्या असतील तर त्या मोजता येतात. झुरिकच्या गटाने यावर बरंच काम केलंय, ते याला ऊतींचे ‘पूल’ म्हणतात. मोजमाप मिलिमीटरमध्ये आणि नेहमीच्याच टी२ चित्रावर. पूल जितका रुंद तितकी पुढची सुधारणा चांगली, असं त्यांना दिसलं. स्क्रूमुळे चित्र विस्कटू शकतं, तेव्हा काढण्याआधी स्क्रू कुठल्या धातूचे आहेत ते सांगा. टायटॅनियम असेल तर त्रास कमी. आणि असलेली ताकद किंवा जाणीव कमी होताना दिसली, तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच तासाला डॉक्टरांना गाठायचं.

एक माझी चूक सांगतो. नवा होतो तेव्हा एका मुलाच्या आईला फिल्म खिडकीशी धरून म्हणालो होतो, फारसं बिघडलेलं नाही. तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका मला दिसलाच नव्हता. तो चालला नाही. पण सहा महिन्यांत त्याची पातळी, म्हणजे जिथपर्यंत रज्जू नीट काम करतो ती जागा, सी६ वरून सी७ वर आली, म्हणजे कोपर ताठ करता येऊ लागलं. कोपर ताठ झालं की तळहातांवर भार देऊन अंग उचलता येतं, पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकता येतं. दर दोन तासांनी त्याला वळवणारी आई त्यानंतर रात्रभर झोपली. हे त्या फिल्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि तिने मला एकदाच विचारलं होतं, “चालेल का?”

तेव्हा उद्या राउंडच्या वेळी एशियाच्या तपासणीचा पूर्ण तक्ता मागा, नुसतं ‘बी’ हे अक्षर नको. त्यात प्रत्येक पातळीला पिनचे आणि स्पर्शाचे आकडे वेगळे असतात: ०, १ किंवा २. पायाच्या ओळींत पिनच्या रकान्यात १ जरी दिसला तरी त्यावर तारीख घालून ठेवा. पुढची तपासणी झाली की दोन्ही कागद शेजारी ठेवून बघता येतील.