लारावेलचा नवा प्रकल्प उभारताना सर्वांच्या कोडची शैली एकसारखी कशी ठेवावी?

आपण आणि आपल्या दोन सहकाऱ्यांनी मिळून लारावेलवर (पीएचपी भाषेतील वेब फ्रेमवर्कवर) नवे काम सुरू केले आहे, एकाकडे विंडोज आणि दोघांकडे लिनक्स आहे, आणि पहिल्या पंधरवड्यातच पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) खऱ्या बदलांपेक्षा मोकळ्या जागा आणि कंसच जास्त दिसू लागले आहेत, असे आपण लिहिले आहे. शैलीचे नियम कागदावर लिहून काढावेत का, असेही आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे : लिहू नयेत. नियम रिपॉझिटरीतल्या, म्हणजे गिटने सांभाळलेल्या प्रकल्पाच्या साठ्यातल्या, फाइलींमध्ये असावेत आणि ते पाळून घेण्याचे काम यंत्राकडे असावे, कारण जो नियम माणसाला आठवावा लागतो तो घाईच्या दिवशी मोडतोच. (कमांड आणि फाइलींची नावे मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावीत.)

आधी उभारणीविषयी थोडक्यात. पीएचपीची पॅकेजे आणणाऱ्या कंपोझरने प्रकल्प तयार झाल्यावर पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी ‘कंपोझर डॉट लॉक’ ही फाइल कमिट करावी (गिटमध्ये नोंदवावी) आणि बाकीच्यांनी ‘कंपोझर अपडेट’ न चालवता फक्त ‘कंपोझर इन्स्टॉल’ चालवावे. लारावेल 12 ला पीएचपी 8.2 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. परंतु एकाकडे 8.4 आणि सर्व्हरवर 8.2 असेल, तर 8.4 वर ठरलेली पॅकेजे सर्व्हरवर बसतीलच असे नाही. म्हणून ‘कंपोझर डॉट जेसन’मधील ‘कॉन्फिग’ विभागात ‘प्लॅटफॉर्म’खाली सर्व्हरची पीएचपी आवृत्ती लिहून ठेवावी, म्हणजे पॅकेजांची निवड त्या आवृत्तीला धरूनच होते. पासवर्डसारख्या त्या-त्या संगणकाच्या सेटिंगची ‘डॉट ईएनव्ही’ फाइल कधीही कमिट करू नये. तसेच ती सेटिंग वाचणारे ‘ईएनव्ही’ हे फंक्शन फक्त ‘कॉन्फिग’ फोल्डरमधल्या फाइलींतच वापरावे, कारण सर्व्हरवर सगळी सेटिंग एकत्र साठवणारी ‘कॉन्फिग कॅश’ ही कमांड चालवल्यानंतर ‘डॉट ईएनव्ही’ फाइल वाचलीच जात नाही आणि इतरत्र त्या फंक्शनकडून ‘नल’ मिळते. ही चूक स्वतःच्या संगणकावर सहसा दिसत नाही, त्यामुळे ती शैलीच्या नियमाइतक्याच कडकपणे टाळावी.

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येतो. आपल्याकडे विंडोज असल्यामुळे माझा पहिला संशय ओळींच्या शेवटांवर आहे. विंडोजवर ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, तर लिनक्सवर एकाने. त्यामुळे एक अक्षरही न बदलता संपूर्ण फाइल बदललेली दिसू शकते. प्रत्येकाच्या गिटच्या सेटिंगवर विसंबून न राहता रिपॉझिटरीतील ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये सर्व मजकूर फाइलींसाठी ‘ईओएल’ची (ओळीच्या शेवटाची) किंमत ‘एलएफ’ (लिनक्सचे एकच चिन्ह) ठेवावी आणि नंतर ‘गिट अ‍ॅड’ कमांड ‘रीनॉर्मलाइझ’ या पर्यायासह एकदाच चालवून तो बदल वेगळा कमिट करावा. ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ ही फाइल लारावेलबरोबरच येते आणि त्यात चार जागांचे इंडेंटेशन ठरलेले असते; आपापल्या एडिटरमध्ये ती खरोखर वाचली जाते आहे ना, एवढे मात्र प्रत्येकाने पाहून घ्यावे.

कंस, इम्पोर्टचा क्रम आणि मोकळ्या जागा यांसाठी ‘पिंट’ हे कोडची शैली आपोआप नीट करणारे लारावेलचे साधन वापरावे. ते 2022 पासून नव्या लारावेल प्रकल्पांबरोबर येते आणि आतून पीएचपी-सीएस-फिक्सर या त्याच कामाच्या साधनावर चालते. त्यात नियमांचे काही तयार संच आहेत आणि खरा वाद तिथेच होतो. 2019 मध्ये पीएसआर-2 ची जागा घेणाऱ्या पीएसआर-12 या पीएचपीच्या सामाईक शैली-मानकानुसार दोन स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडणाऱ्या टिंबाच्या दोन्ही बाजूंना जागा हवी. लारावेलचा स्वतःचा संच मात्र ती जागा काढून टाकतो आणि नकाराच्या उद्गारचिन्हानंतर जागा घालतो. मला स्वतःला पीएसआर-12 अधिक वाचनीय वाटतो, तरीही आपण लारावेलचाच संच घ्यावा, असे मी सुचवेन, कारण फ्रेमवर्कच्या दस्तऐवजांतले आणि त्याच्या स्वतःच्या कोडमधले वळण तेच आहे आणि नव्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

संचाबाहेरचे नियम ‘पिंट डॉट जेसन’मध्ये घालताना मात्र जपून असावे. पूर्वी एका प्रकल्पात मी उत्साहाच्या भरात ‘स्ट्रिक्ट कंपॅरिझन’ हा नियम सुरू केला आणि सगळीकडची तुलनेची दुहेरी ‘बरोबर’ चिन्हे तिहेरी झाली, म्हणजे किंमतीबरोबर तिचा प्रकारही जुळावा लागू लागला. फॉर्ममधून येणारी किंमत स्ट्रिंग असते, त्यामुळे तिची आकड्याशी केलेली तुलना खोटी ठरू लागली आणि मंजूर झालेले अर्ज यादीतून गायब झाले. त्याहून मोठी चूक अशी, की त्याच कमिटमध्ये मी एक नवी सुविधाही घातली होती, त्यामुळे शेकडो फाइलींच्या फरकात दोष शोधायला दीड दिवस गेला. तेव्हापासून स्वरूपाचा बदल आणि वर्तनाचा बदल मी कधीही एका कमिटमध्ये ठेवत नाही. संपूर्ण कोडवर एकदाच पिंट चालवल्याचा कमिट वेगळा ठेवून त्याचा क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवावा, गिट 2.23 पासून ‘ब्लेम’ (प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमध्ये आली याची यादी) पाहताना असे कमिट वगळण्याची सोय आहे, म्हणजे मूळ ओळ कोणी लिहिली हे पुढेही कळते.

रोजच्या कामात पिंटच्या ‘डर्टी’ या पर्यायाने फक्त आपण बदललेल्या, अजून कमिट न केलेल्या फाइली नीट करता येतात. कमिटपूर्वीचा हुक (कमिट करताना आपोआप चालणारी कमांड) लावायला हरकत नाही, पण तो कोणालाही सहज टाळता येतो. म्हणून शेवटचा पहारा प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालणाऱ्या तपासणीत असावा : तिथे पिंट ‘टेस्ट’ पर्यायासह चालवावे, म्हणजे ते फाइली बदलत नाही, फक्त दोष आढळल्यास तपासणी नापास करते. सर्वांनी कंपोझरने प्रकल्पाच्या ‘व्हेंडर’ फोल्डरमध्ये आणलेलेच पिंट वापरावे. वेगळे स्थापित केलेले वापरल्यास आवृत्ती निराळी असू शकते आणि आवृत्ती बदलली की नियमही थोडे बदलतात.

नावांचे काय, हे आपण विचारलेले नाही. पण तिथे पिंट मदत करणार नाही. मॉडेलचे (डेटाबेसच्या एका टेबलशी जोडलेल्या क्लासचे) नाव एकवचनी आणि टेबलचे नाव त्याचे इंग्रजी पद्धतीचे अनेकवचन, असा लारावेलचा संकेत आहे. त्यामुळे ‘पावती’ नावाचे मॉडेल केले, तर ते ‘पावतीज’ नावाचे टेबल शोधू लागते. मॉडेलमध्ये टेबलचे नाव स्पष्ट लिहून हे टाळता येते. परंतु नावे इंग्रजीत ठेवायची की मराठीत, हे आपण तिघांनी पहिले मायग्रेशन (टेबल तयार करणारी फाइल) लिहिण्याआधीच बसून ठरवावे.