गाव एक, नोंदी दोन : स्प्रेडशीटच्या पुढच्या पायरीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षांपासून हिशेब विभागात काम करते. दर महिन्याला आमची खरेदीची नोंद आणि जीएसटी पोर्टलवरील टू-बी विवरण (पुरवठादारांनी आमच्या नावे दाखवलेल्या बिलांची यादी) ताडून पाहण्यात माझे दोन दिवस जातात. एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यात शोधणारे एक्सेलचे 'व्हीलुकअप' सूत्र मी व्हिडिओ पाहून शिकले. परंतु बिल दोन्हीकडे स्पष्ट दिसत असतानाही सूत्र 'एन/ए' (सापडले नाही) दाखवते आणि शेवटी पट्टी धरून मी एकेक ओळ तपासत बसते. यापुढे मी काय शिकावे? मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधील कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम लिहायला, शिकू का?
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : आपले सूत्र बहुधा बरोबरच आहे. जी दोन बिले आपल्याला सारखी दिसतात, ती संगणकाच्या दृष्टीने सारखी नसतात, आणि हा फरक हुडकून काढता येणे हीच आपली पुढची पायरी आहे. एका तक्त्यात बिल क्रमांक संख्या म्हणून साठवलेला असतो आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून. किंवा एकीकडे क्रमांकानंतर एक मोकळी जागा राहिलेली असते. रकान्याला कोणतीही संरेखनाची मांडणी दिलेली नसेल, तर संख्या उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे, त्यामुळे पहिला सुगावा डोळ्यांनाच लागतो. त्यानंतर 'लेन' हे सूत्र लावून दोन्हीकडची अक्षरे मोजावीत. आठ अक्षरांच्या क्रमांकाला नऊ असे उत्तर आले, तर शेवटी काहीतरी दडलेले आहे हे नक्की. 'ट्रिम' साधी मोकळी जागा काढून टाकते; मात्र वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी वेगळ्या प्रकारची मोकळी जागा येते, तिचा संकेतांक १६० असतो आणि ती ट्रिमला दाद देत नाही. तिच्यासाठी 'सब्स्टिट्यूट' वापरून तो संकेतांक आधी बदलावा लागतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या शिकवणीत कोणी सांगत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. परंतु व्यापाऱ्यांच्या बिलांवर जुने आणि नवे, दोन्ही रूपे आजही चालू आहेत. निपाणी इंग्रजीत कोणी एका 'पी'ने लिहितो, कोणी दोन. येळ्ळूरची रूपे तर मी तीन पाहिली आहेत. मराठी दिवाणजी एक उच्चार ऐकून लिहितो, कानडी दिवाणजी दुसरा, आणि दोघांचेही बरोबर असते. गटवार बेरजा काढून देणारे पिव्हट टेबल मात्र या प्रत्येक रूपाला स्वतंत्र गाव समजून स्वतंत्र ओळ देते, आणि एकाच गावची विक्री तीन तुकड्यांत विखुरते. म्हणून नावावरून काहीही शोधू नये. पार्टींची एक स्वतंत्र यादी करून तिच्यात प्रत्येकाची ओळख जीएसटी क्रमांकाने ठेवावी. नाव, गाव आणि पत्ता त्या यादीत एकदाच लिहावा व इतर सर्व तक्त्यांनी तो तिथूनच उचलावा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दहा पॅनची. एकाच मालकाची बेळगावात आणि कोल्हापुरात अशी दोन दुकाने असतील, तर पॅन एकच असूनही जीएसटी क्रमांक दोन असतात. नावावर विसंबलो तर ही दोन खाती एकमेकांत मिसळतात.

राज्याचा संकेतांक आपल्याकडे रोजच्या रोज उपयोगी पडतो : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. शिनोळी आपल्या शहरापासून किती जवळ आहे हे आपण जाणता. तरीही तिकडच्या कारखान्याला माल पाठवला की आयजीएसटी (परराज्यातील विक्रीचा कर) लागतो, आणि शेकडो किलोमीटर दूरच्या बिदरला पाठवला तर सीजीएसटी व एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातील विक्रीचे कर). तेव्हा 'लेफ्ट' सूत्राने क्रमांकातील पहिली दोन अक्षरे वेगळी काढून 'इफ'ने तपासावे, आणि कराचा प्रकार जुळत नसेल तिथे ओळ रंगेल अशी कंडिशनल फॉरमॅटिंगची व्यवस्था करावी. त्याच्या जोडीला पुरवठ्याच्या ठिकाणाचा वेगळा रकाना मात्र अवश्य ठेवावा, कारण बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्याच्या दारात असा व्यवहार असेल, किंवा ग्राहक नोंदणीकृत नसेल, तर केवळ क्रमांकावरून निर्णय करता येत नाही. रंगलेली ओळ म्हणजे चूक नव्हे; ती माणसाने पाहावी एवढाच त्या रंगाचा अर्थ.

आता टू-बीकडे वळू. हे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि कराचे मासिक थ्री-बी विवरण भरण्याची मुदत २० तारखेपर्यंत असते, म्हणजे आपल्या हातात सहाच दिवस राहतात. त्यातले दोन जाणे परवडणारे नाही. जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक जोडून दोन्ही तक्त्यांत एक जोड-ओळख तयार करावी आणि तिच्यावरून पहिली जुळणी करावी. जे उरेल त्यात बहुतेक वेळा बिल क्रमांक लिहिण्याच्या पद्धतीचा फरक असतो : पुरवठादाराने '०२५' लिहिलेले, आपल्याकडे '२५'. या उरलेल्या बिलांसाठी जीएसटी क्रमांक आणि कराची रक्कम यांवरून, एक रुपयापर्यंतचा फरक मान्य करून, दुसरी जुळणी करावी. त्यानंतरही जे राहील तेवढेच पट्टी धरून पाहावे. आपल्याकडे एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर हेच काम पॉवर क्वेरीने, म्हणजे एक्सेलमध्येच असलेल्या तक्ते आणून जोडण्याच्या साधनाने, फार सुबक होते, कारण तिच्यात दोन तक्ते एकत्र जोडताना 'फक्त पहिल्या तक्त्यात असलेल्या ओळी' मागता येतात. ही साखळी एकदा बसवली की पुढच्या महिन्यात नवीन फाइल त्याच जागी ठेवून 'रिफ्रेश' दाबणे एवढेच उरते. म्हणून मॅक्रोच्या आधी मी आपल्याला पॉवर क्वेरी शिकण्याचा सल्ला देईन. मॅक्रो लिहिणारा माणूस कारखाना सोडून गेला की त्याची फाइल उघडायलाही बाकीचे घाबरतात. पॉवर क्वेरीच्या पायऱ्या मात्र बाजूच्या चौकटीत क्रमाने दिसत राहतात आणि नव्या माणसाला वाचता येतात.

व्हीलुकअपचे नवे रूप असलेले एक्सलुकअप सोपे आहे, ते डावीकडेही शोधते. परंतु ते एक्सेल २०२१ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येच मिळते. आपल्या करसल्लागारांच्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल, तर ते सूत्र तिथे चालणार नाही. तोवर 'इंडेक्स' आणि 'मॅच' यांची जोडी पुरेशी आहे. व्हीलुकअप वापरत असाल, तर शेवटच्या जागी 'फॉल्स' लिहिण्यास कधीही चुकू नये. ती जागा मोकळी सोडली तर अचूक क्रमांक सापडला नाही तरी जवळपासचा क्रमांक उचलला जातो, आणि 'एन/ए'पेक्षा ते कितीतरी घातक आहे, कारण चुकीचे उत्तर बरोबर असल्यासारखे दिसते.

आपण हायड्रॉलिक भागांच्या कारखान्यात आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्टॉकच्या रकान्यात फिटिंगचे माप '१/२' असे टाइप केले की भारतीय मांडणीच्या संगणकावर एक्सेल त्याची १ फेब्रुवारी करते, आणि '३/४'ची ३ एप्रिल. एकदा तारीख झाली की मूळ माप परत मिळत नाही. माहिती भरण्यापूर्वीच त्या रकान्याला 'टेक्स्ट' हा प्रकार द्यावा. बोल्टचे माप '१२*५०' असे लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु अटी लावून बेरीज करणाऱ्या सम-इफ्स सूत्राला तारांकन म्हणजे 'मध्ये काहीही चालेल' असे वाटते, त्यामुळे त्याच बेरजेत १२*१५० आणि १२*२५० हेही बोल्ट येऊन बसतात. तारांकनाऐवजी 'एक्स' अक्षर लिहिण्याचा नियम स्टोअरवाल्यांशी बोलून ठरवून घ्यावा. ई-वे बिलाचा क्रमांक १२ अंकी असल्याने त्याचाही रकाना मजकूर म्हणूनच ठेवावा, नाहीतर तो घातांकाच्या रूपात दिसतो.

प्रश्न : निपाणीत आमचे घाऊक दुकान आहे. वडिलांच्या काळापासून खतावणी मी हाताने लिहीत आलो. आता मुलाने उधारीचा तक्ता संगणकावर केला आहे आणि कोणाकडे किती दिवसांची बाकी आहे ते त्यातून निघते. परंतु काही गिऱ्हाइकांचे दिवस मला ठाऊक असलेल्यापेक्षा जास्त येतात, काहींच्या समोर चूक असल्याचा शब्द येतो. मुलगा म्हणतो, संगणक चुकत नाही.
– एक व्यापारी, निपाणी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक ओळखता म्हणूनच ही चूक आपल्याला दिसली. तक्त्यात ती कोणालाही दिसली नसती.

एक्सेल तारखेला संख्या म्हणून साठवते. १ जानेवारी १९०० ही १ धरून मोजत गेले की १ एप्रिल २०२५ ही ४५७४८ होते, आणि म्हणूनच एका तारखेतून दुसरी वजा करून दिवस मिळतात. आपल्या संगणकाची प्रादेशिक मांडणी (तारीख व आकडे लिहिण्याची देशानुसार पद्धत) अमेरिकन, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी, राहिली असावी. तसे असेल तर मुलाने ३ एप्रिल म्हणून '०३/०४/२०२५' टाइप केले, तरी संगणक ते ४ मार्च समजतो. ३० जून रोजी उधारी काढली, तर खरे दिवस ८८ आणि तक्त्यातले ११८. म्हणजे नव्वद दिवसांच्या आत असलेले गिऱ्हाईक थकबाकीदारांच्या यादीत जाऊन बसते. '२५/०४/२०२५' लिहिले तर पंचविसावा महिना नसल्याने ती तारीख न होता नुसता मजकूर राहते आणि वजाबाकी केल्यावर चूक येते. तेव्हा पहिल्यांदा विंडोजमधील प्रादेशिक मांडणी भारतीय इंग्रजी करून घ्यावी. त्याने स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडू लागतात. मात्र ही मांडणी बदलल्याने आधी चुकून बसलेल्या तारखा दुरुस्त होत नाहीत. मजकूर राहिलेल्या तारखा 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडून सुधाराव्यात, आणि उलट झालेल्या तारखांसाठी 'डेट' सूत्रात महिना व दिवस यांची अदलाबदल करावी. ही दोन्ही कामे वेगवेगळी करावीत आणि त्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी.

ही सावधगिरी मी एका चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी येणे-बाकीची यादी मोठ्या रकमेपासून लावताना फक्त रकमेचा रकाना निवडून सॉर्ट केला. संगणकाने शेजारचे रकाने सोबत घ्यायचे का असे विचारले होते. मी न वाचता पुढे गेलो. नावे जागच्या जागी राहिली आणि रकमा हलल्या. त्या यादीवरून वसुलीची पत्रे गेली, आणि पै न्‌ पै चुकती केलेले एक वृद्ध गिऱ्हाईक पावत्यांची पिशवी घेऊन आमच्या काउंटरवर येऊन उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण त्यांची माफी मागताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही. कंट्रोल आणि टी दाबून यादीचे 'टेबल' केले की सॉर्ट करताना पूर्ण ओळ एकत्र हलते. मुलाला हे आजच करायला सांगावे.

एक काम मात्र आपणच करावे. तक्त्यातील सर्व बाक्यांची बेरीज आणि खतावणीतील येण्याची बेरीज यांचा ताळा दर शनिवारी आपल्या हाताने घ्यावा. बाक्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढल्या असतील तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण तिथून आलेल्या फाइलमध्ये नावे की जमा हे अनेकदा केवळ अंकाच्या मांडणीत दिसते, प्रत्यक्ष संख्येला वजाचे चिन्ह नसते, आणि बेरीज घेतली की येणे व देणे दोन्ही एकत्र मिळवले जाते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सभासदांची एक यादी कानडीत, एक मराठीत आहे. जुन्या फाइलमधील नाव नव्या यादीत शोधले तर सापडत नाही.
– एक लिपिक, चिक्कोडी तालुका

उत्तर : जुनी फाइल नुडी या कानडी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या किंवा एखाद्या मराठी फॉन्टच्या युनिकोडपूर्व पद्धतीने (युनिकोड म्हणजे सर्व लिपींसाठीची एकच संकेतपद्धत) टाइप केलेली असणार. त्या पद्धतीत पडद्यावर कानडी किंवा देवनागरी दिसते, परंतु आत इंग्रजीचेच संकेत असतात. फॉन्ट बदलून पाहिला की ते लगेच उघडे पडते. रूपांतराच्या साधनाने जुनी फाइल युनिकोडमध्ये आणावी, आणि त्यानंतरही दोन लिपींतील नावे एकमेकांत शोधण्याच्या फंदात न पडता दोन्ही याद्या सभासद क्रमांकावरून जोडाव्यात.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी माध्यमातून आले आहे. घरी संगणक नाही, फक्त मोबाईल आहे. 'ॲडव्हान्स्ड एक्सेल'च्या क्लासची फी भरून प्रमाणपत्र घेतले तर नोकरी मिळेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : फी भरण्याची घाई करू नकोस. नोकरी देणारे बहुतेक लोक प्रमाणपत्र पाहून झाले की एक फाइल समोर ठेवतात आणि 'यातून पार्टीवार बेरीज काढून दाखवा' म्हणतात. तिथे जे जमते तेच उपयोगाचे. सूत्रांची नावे इंग्रजी असली तरी रोजच्या कामात लागणारी मोजकीच आहेत, त्यामुळे माध्यमाची भीती बाळगण्याचे कारण नाही. मोबाईलवर गूगल शीट्स उघडून तक्ते वाचता येतील, पण हाताला वळण लागणार नाही. त्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन तास मागून घे. तिथे एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क मोफत आहे, आणि व्हीलुकअप, सम-इफ्स व पिव्हट त्यातही चालतात.

गावातल्या ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडे जुन्या बिलांचा गठ्ठा मागून बघ. गिऱ्हाइकांची नावे गाळून, त्यांना क्रमांक देऊन, दोनशे बिले तू स्वतः भर : एका ओळीत एकच बिल, मध्ये रिकामी ओळ नको, जोडलेले चौकोन नकोत. मग महिनावार विक्री, गिऱ्हाईकवार बाकी आणि सर्वांत जास्त खपलेला माल या तीन गोष्टी आधी सम-इफ्सने काढ, नंतर त्याच पिव्हटने काढ, आणि दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत उठू नकोस. न जुळल्यास कोणत्या बिलामुळे जुळत नाही ते वहीत लिहून ठेव. मुलाखतीला जाताना ती वही सोबत ने.