मशीन घ्यावं, की भाग बाहेरून कापून आणावेत?

प्रश्न : मी नोकरी करतो. रेडिओ कंट्रोल गाड्यांचा छंद आहे. १/१० मापाच्या गाड्यांसाठी अॅल्युमिनियमचे सस्पेन्शन आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारे भाग) स्वतः डिझाइन करतो, कापून मात्र बाहेरून आणतो. ओळखीतले लोक महिन्याला साधारण ५ सेट घेतात. टेबलावर मावणारं सीएनसी (संगणकाने चालणारं) मिलिंग मशीन घेतलं तर १२ सेट जातील असं वाटतं. मशीनची किंमत माझ्या ५ पगारांइतकी आहे. ४० टक्के रक्कम आपत्कालीन निधीतून आणि ६० टक्के ३ वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून उभी करायची आहे. घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. तुमच्या हाताबद्दल शंका नाही, हिशेबात तीन जागी गळती आहे.

मशीनची किंमत १०० भाग धरू, म्हणजे तुमचा पगार २० भाग. महिन्याचा घरखर्च तुम्ही १५ भाग कळवला आहे, म्हणून ६ महिन्यांचा निधी ९० भाग. त्यातून ४० काढले की ५० उरतात, आणि तुम्ही इथेच थांबला आहात. पण नुसतं मशीन भाग कापत नाही. व्हाइस (भाग पकडायला), कोलेट (कटर पकडायला), २ आणि ३ धारांचे कार्बाइड एंड मिल (कटर), एम३ टॅप (३ मिमी स्क्रूचे आटे पाडायला) आणि त्यासाठी २.५ मिमीचे ड्रिल, ३ मिमीचा रीमर (भोक अचूक मापाचं करायला), मायक्रोमीटर, डायल गेज (काट्याचं मापक), कॅम सॉफ्टवेअर (डिझाइनवरून कटरचा मार्ग आखणारं), कूलंट आणि चिप्स अडवणारी पेटी हे सगळं मिळून आणखी ४५ भागांच्या घरात जातं. तेही निधीतूनच जाणार. मग उरतात ५ भाग, म्हणजे १० दिवसांचा घरखर्च. नोकरीत एखादा महिना पगार लांबला तरी कर्जाचा २ भागांचा हप्ता थांबणार नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. एका सेटमागे १ भाग सुटतो असं धरून तुम्ही १२ सेटचे १२ भाग मोजले आणि साडेआठ महिन्यांत मशीन फिटेल असं काढलं. ही तुलना शून्याशी झाली. खरी तुलना तुम्ही आज करता त्या जॉब वर्कशी, म्हणजे बाहेरून कापून घेण्याशी, व्हायला हवी. बाहेरून कापून आणूनही सेटमागे ०.४ भाग सुटतोच. म्हणजे ५ सेटवर आज २ भाग मिळतात, तेही एक पैसा न अडकवता. स्वतः कापलं तर ५ विकायला ६ कापावे लागतील असं धरा. वाया गेलेल्या सेटचं साहित्य आणि कटरची झीज मिळून अर्धा भाग जातो, हाती येतात ४.५. मशीनची खरी कमाई दोहोंतला फरक, महिन्याला २.५ भाग. आणि खर्च? व्याजासकट कर्जाचे ७२ आणि तुमचे ८५, एकूण १५७. फिटायला ६३ महिने. दुरुस्ती यात धरलेलीच नाही.

१२ सेट खरंच गेले तर चित्र बदलतं. १४ कापून १२ विकले तर ११ भाग येतात, जॉब वर्कने ४.८ आले असते, फरक ६.२ आणि सुमारे २५ महिन्यांत पैसे वसूल. मात्र एका सेटला सेटिंग, कटाई, कडांच्या तीक्ष्ण धारा घासून काढणं आणि तपासणी धरून ५ तास लागतात. १४ सेटचे ७० तास. ६.२ भागिले ७० म्हणजे तासाला सुमारे ०.०९. महिन्याला १८० तास काम धरलं तर तुमच्या नोकरीत तासाला ०.११ मिळतात. म्हणजे थकलेल्या संध्याकाळी, नोकरीपेक्षा कमी दराने. छंद म्हणून हे आनंदाने करता येईल, पण कर्ज काढून नव्हे.

तिसरी गळती मालातच आहे, आणि ती पैशांपेक्षा अवघड. आर्म हा धातूत करायला सर्वांत वाईट भाग. मूळचा नायलॉनचा आर्म धडकेत वाकतो आणि परत सरळ होतो. अॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो; सरळ करायला गेलात तर ७०७५-टी६ हा मजबूत मिश्रधातू तडकतो. वाकला नाही तर धक्का पुढे सरकून बल्कहेड (आर्म ज्यावर बसतो तो भाग) किंवा चॅसिस फुटतं, आणि ग्राहक तक्रार तुमच्याकडे आणतो. ६०६१-टी६ हा त्याहून मऊ मिश्रधातू सुमारे २७५ मेगापास्कल ताणाला कायमचा वाकू लागतो, ७०७५-टी६ सुमारे ५०० ला. पण ताठरपणा दोन्हींचा जवळजवळ सारखा, ७० गिगापास्कलच्या आसपास. म्हणून महाग मिश्रधातू घेतला तरी गाडी ‘कडक’ लागत नाही, फक्त उशिरा वाकते. शिवाय आर्मला दोन बाजूंनी मिलिंग आणि कडेने ३ मिमीचं लांब पिन-भोक लागतं. व्यासाच्या दहापट खोलीवर ड्रिल भरकटतं, दोन्ही टोकांकडून पाडून मधे रीमर फिरवावा लागतो. स्क्रॅपचा मोठा वाटा इथेच जातो.

मोटर माउंट (मोटर बसवायची पट्टी), १२ मिमीचे व्हील हेक्स (चाक ज्यावर बसतं ते षटकोनी तुकडे) आणि नकल हे भाग मात्र धातूत खरोखर फायद्याचे. माउंट मोटरची उष्णताही ओढून घेतो. ५४० मापाच्या मोटरसाठी २५ मिमी अंतरावर एम३ स्क्रूंसाठी दोन लांबट खाचा ठेवल्या की गिअरची मेश (दात एकमेकांत बसणं) जुळवता येते. नकलमध्ये १०×१५×४ बेअरिंगची बैठक हा कळीचा मुद्दा. हलक्या मशीनला बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूत राहणारी ढिलाई) असेल तर गोल फिरून कापलेलं भोक किंचित लांबट होतं आणि बेअरिंग खुळखुळतं. अॅनोडायझिंगच्या (धातूवर विजेने चढवलेल्या संरक्षक लेपाच्या) २० मायक्रॉन थराचा साधारण निम्मा बाहेर वाढतो, त्यामुळे भोकाचा व्यास सुमारे २० मायक्रॉनने घटतो. तेवढं आधीच मोठं कापा किंवा बैठक झाकून घ्या. आतले कोपरे टोकदार ठेवू नका. तिथूनच चीर सुरू होते.

म्हणून पुढचे ६ महिने जॉब वर्कच चालू ठेवा. आर्म बंद करून माउंट आणि नकल प्रत्येकी १० च्या लॉटमध्ये कापून घ्या. सेटिंगचा खर्च १० नगांत विभागला गेला की तुमचा ०.४ वाढेल. जोखीम एवढीच की लॉट पडून राहिला तर साहित्याचे पैसे अडकतात, म्हणून आधी निम्म्या नगांची आगाऊ मागणी हाती असू द्या. विक्रीचं खातं पगाराच्या खात्यापासून वेगळं काढा आणि दर सेटच्या किमतीचे ५ टक्के खराब नग बदलून देण्यासाठी बाजूला टाका. येणारा नफा याच खात्यात साठू द्या.

सलग ४ महिने १० किंवा अधिक सेट विकले गेले, आणि या खात्यात हत्यारांचे ४५ भाग जमले, तर मशीनचा विचार पुन्हा करू. तेव्हाही आपत्कालीन निधी पूर्ण ९० वर हवा. वापरलेलं मशीन मिळालं तर आणखी बरं. मात्र पैसे देण्याआधी डायल गेज लावून टेबल एका दिशेने आणि मग उलट दिशेने सरकवून बघा: काटा हलायला जेवढा उशीर, तेवढा बॅकलॅश, आणि ०.०५ मिमीच्या वर असेल तर बेअरिंगच्या कामाला ते मशीन घेऊ नका.