लॅपटॉप काढून घेऊ का?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न वर्षभर येतो, निकाल लागले की जरा जास्तच. "मुलगा रात्र रात्र गेम खेळतो, सकाळी उठत नाही, कॉलेजला जात नाही. लॅपटॉप काढून घेऊ का?" माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं. का, ते एका मुलाच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आई-वडिलांबरोबर आला, खरं तर आणला गेला. वडिलांनी तासांचा हिशेब मांडायला सुरुवात केली: कधी बसतो, कधी उठतो, कितीला झोपतो. मुलगा जमिनीकडे बघत होता. थोड्या वेळाने मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "तू खेळतोस त्या गेममध्ये तुझं काम काय असतं?"

तो पहिल्यांदाच वर बघून बोलला. चौघांच्या स्क्वॉडचा तो आयजीएल, म्हणजे मॅच चालू असताना कुठे उतरायचं, कधी दबून राहायचं, कधी भिडायचं हे ठरवणारा. पुढची दहा मिनिटं हा अबोल मुलगा नकाशे, डावपेच आणि सोबत्यांचे स्वभाव इतकं नेटकं सांगत होता की मला मधे बोलायची गरजच पडली नाही. मग मी विचारलं, "आणि कॉलेजमध्ये?" तर म्हणाला, "तिथे मी कुणाच्या लक्षातही नाही, मॅडम."

आम्ही घटना क्रमाने मांडल्या. गेम शाळेपासूनच होता, पण जेवायला हाक मारली की सुटत होता. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. त्यातल्या एकाची प्रॅक्टिकलची फाइल सबमिट झाली नव्हती. ती मागतील म्हणून त्या सरांचा तास टाळला, मग सर दिसतील म्हणून त्या मजल्यावरचे बाकीचे तासही. हजेरी घसरली. रोज सकाळी जाग आली की हे सगळं समोर उभं, म्हणून सकाळ होऊच नये अशी सोय त्याने केली: पहाटेपर्यंत खेळायचं आणि दुपारी उठायचं. घरच्यांच्या मते गेममुळे अभ्यास बुडाला. त्याच्या क्रमात आधी अभ्यास बुडाला, मग गेम वाढला, आणि गेम वाढल्यावर उरलासुरला अभ्यासही गेला. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, पण लॅपटॉप काढून घेतला असता तर फाइल, सर आणि सकाळ जिथल्या तिथेच राहिली असती. शिवाय असाइनमेंट्सही त्याच लॅपटॉपवर होत्या. वडिलांनी हा प्रयोग एकदा केलेलाही होता. तेव्हा तो मित्राच्या फोनवर खेळला आणि घरी खोटं बोलायला शिकला.

"पण हे व्यसन आहे का?" आईचा प्रश्न रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं किंवा आणखी वाढवणं, अशा तीन खुणा तिथे दिल्या आहेत. त्यामुळे शिक्षण, नाती किंवा रोजचं जगणं चांगलंच विस्कटलेलं असावं लागतं, आणि हे साधारणपणे 12 महिने चाललेलं असावं लागतं. लक्षणं तीव्र असतील तर त्याहून कमी काळही धरतात. किती तास खेळलं म्हणजे आजार, असा आकडा तिथे दिलेला नाही. सुट्टीत दिवसभर खेळणारा आणि सत्र सुरू होताच ताळ्यावर येणारा विद्यार्थी यात बसत नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये हा विषय 'अजून अभ्यास हवा' अशा यादीत ठेवला होता, आणि तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहेत. कारण पुष्कळदा गेमच्या मागे नैराश्य, चिंता किंवा एकाग्रतेचा जुना त्रास असतो. म्हणून शिक्का मारण्याची मला घाई नव्हती. त्याची मनःस्थिती, झोप आणि जीव नकोसा होण्याचे विचार येतात का, हे मात्र आधी विचारलं. मन खचलेलं होतं, तसे विचार नव्हते. तरीही मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवून घेतलं. त्यांनी औषधाशिवाय सुरुवात करू म्हटलं.

गेमचीही बाजू असते, आणि पालकांना ती ठाऊक नसते. अशी मॅच मध्येच थांबवता येत नाही. उठलं की सोबती तोंडघशी पडतात, रँक खाली येते, काही गेम शिक्षाही करतात. "आत्ताच्या आत्ता बंद कर" या वाक्यावरून घराघरांत होणारी भांडणं निम्मी यातून येतात, असं मला वाटतं. गेमचा सीझन, म्हणजे ठरावीक मुदतीची फेरी, संपला की रँक पुन्हा खाली, रोज लॉगिन केलं तरच बक्षीस, आणि गेममधल्या बक्षिसाच्या पेटीतून काय निघेल याचा नेम नाही. बक्षीस कधी मिळेल हे माहीत नसलं की माणूस प्रयत्न सोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं. म्हणून आम्ही मिनिटांवर बोललोच नाही. नियम ठरला तो असा: रात्री अकरानंतर नवी मॅच सुरू करायची नाही. स्क्वॉडला हे त्यानेच कळवायचं.

त्याआधीचं काम मात्र सरांना मेल लिहिण्याचं होतं. माझ्यासमोर बसून तीन ओळी लिहायला त्याला आमच्या भेटीचा जवळजवळ पूर्ण वेळ लागला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: फाइल घेऊन या. त्याने डोक्यात रंगवलेल्या अपमानाचा त्यात मागमूसही नव्हता.

खेळावंसं कधी वाटतं, याची नोंद ठेवायला सांगितली होती. तो स्वतःच चकित होऊन आला. बहुतेक वेळा आधी असाइनमेंटचं पोर्टल उघडलेलं असायचं, आणि लाल अक्षरांतली मुदत दिसली की काही मिनिटांत गेम सुरू. मग त्या नेमक्या क्षणासाठी एक गोष्ट ठरवली: यादीतलं सगळ्यात सोपं काम दहा मिनिटं करायचं, नंतर हवं तर उठायचं. झोपण्याच्या वेळेवर जोर दिला नाही, उठण्याची वेळ पक्की केली. सुरुवातीचे दिवस तो पेंगत वर्गात बसला. चालतं.

वडिलांना दोन कामं दिली. तास मोजणं बंद करायचं, आणि गेममधल्या खरेदीला जोडलेलं स्वतःचं कार्ड काढून टाकायचं. पैशांच्या बाबतीत मी कडकच आहे, तिथे काढून घेण्याला माझा पाठिंबा असतो. आणि गेम बंद केल्यावर मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलू लागलं, तर ते नाटक समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मधे नवा सीझन आला आणि ठरलेलं सगळं कोलमडलं. आईचा घाबरून फोन आला, पण त्याच्या आधी त्याचा मेसेज येऊन पडला होता. पुढच्या भेटीत आम्ही फक्त कुठून घसरलं ते पाहिलं आणि अकराचा नियम पुन्हा लावला.

राहिलेल्या दोनपैकी एक विषय सुटला आहे, दुसऱ्याची परीक्षा व्हायची आहे. गेम चालू आहे. आयजीएलचं काम मात्र त्याने दुसऱ्याला दिलं. अकराला उठून जाणारा कॅप्टन कुणालाच नको असतो, असं तोच हसत सांगत होता.